गोदावरीतला मासा केवढा होता?

गळ टाकून बसलेल्या माणसाला जाणारा-येणारा एकच गोष्ट विचारतो : केवढा लागला? या प्रश्नाचे उत्तर दोन तऱ्हांनी देता येते. एक तर आजवरचा सर्वांत मोठा मासा सांगायचा, नाहीतर रोज हाताला येणारा मासा सांगायचा. जगभर लिहिला गेलेला इतिहास बहुतांशी पहिल्या उत्तराचा आहे. अमेरिकेतल्या गळाच्या शौकिनांचा सर्वांत लाडका मासा म्हणजे बास. त्यातल्या लार्जमाउथ बासचा विक्रम जॉर्ज पेरी याने २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी तळ्यावर केला : २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंच्या किंचित वर. ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, जपानमधल्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळपास तेवढ्याच वजनाचा बास काढला आणि त्या विक्रमाची बरोबरी झाली. ही दोन नावे बासच्या शौकिनांना पाठ असतात. पण त्याच देशात सुटीच्या दिवशी तळ्याकाठी बसणाऱ्याला जो बास मिळतो, तो साधारण एक ते तीन पौंडांचा, म्हणजे अर्धा ते दीड किलोचा असतो. विक्रमी मासा नेहमीच्या माशाच्या सात पटींपासून वीस पटींपर्यंत भरतो. विक्रमी मासा पाण्यात काय घडू शकते ते सांगतो, नेहमीचा मासा रोज काय घडते ते सांगतो. एखाद्या जागेचा इतिहास लिहायचा तर मला दुसरा मासा अधिक मोलाचा वाटतो.

मुदखेड हे नांदेडच्या पूर्वेचे रेल्वे जंक्शन. मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गाला इथे आदिलाबादचा फाटा फुटतो, आणि तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. या पट्ट्यात बास नाही. मरळ, वाम, शिंगाडा, शिवडा हे इथले जुने रहिवासी; कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस आणि चिलापी यांचे आजचे राज्य माणसाने वसवलेले. प्रश्न मात्र तोच आहे : या पाण्यात नेहमीचा मासा केवढा होता, आज केवढा आहे, आणि ते कशाने ठरले? माझे म्हणणे असे की, माशाचे नेहमीचे वजन त्याच्या जातीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते दोन गोष्टींवर ठरते : पाणी सलग किती वर्षे न आटता राहिले आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचे माप, केवढा होता. म्हणून गळाला लागलेला मासा हा त्या पाण्याच्या वयाचा पुरावा असतो. मराठवाड्याच्या जलेतिहासाचे हे एक साधन आपण कधी नीट वाचलेलेच नाही.

आधी मापाबद्दल थोडे. मासा लांबीने दुप्पट झाला की त्याचे वजन दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होते, कारण रुंदी आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढते. एक फुटी कटला-रोहूच्या अंगाचा मासा पाव ते अर्धा किलोच्या दरम्यान भरतो; दोन फुटी मासा तीन किलोंच्या आसपास जातो. त्यामुळे ‘हाताएवढा मासा’ ही आठवण आणि ‘तीन शेर मासा’ ही आठवण एकाच जातीची नाही. लांबीच्या आठवणीत थोडी चूक झाली तरी वजनात ती फार मोठी होते. शिवाय शेराचे वजन जागोजागी वेगळे. दशमान वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. त्याआधी निजामाच्या हद्दीतला शेर आणि इंग्रजांच्या हद्दीतला शेर एकच धरून तुलना करणे धोक्याचे. म्हणून जुन्या माशाचा अंदाज बांधताना मी सांगोवांगीच्या आकड्यांपेक्षा त्या काळाचे पाणी कसे होते आणि पकडण्याची साधने कोणती होती, याकडे अधिक पाहतो. या दोन गोष्टींबद्दल पुरावा बराच ठाम आहे.

या भूभागातला गळाच्या छंदाचा सर्वांत जुना तपशीलवार लेख कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातून येतो. तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असा स्वतंत्र भाग आहे. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. लातूर-नांदेडच्या शेजारचेच, मांजरेच्या खोऱ्यातले गाव. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या भागाचा शास्त्रीय परिचय करून दिला. तिथे काठी, दोरी, गळ आणि आमिष यांचे वर्णन आहे. मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम की लहान, अशी त्यांची वर्गवारीही आहे. माझ्या युक्तिवादाला त्यातली एक गोष्ट विशेष लागू पडते : कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, हेही तिथे सांगितले आहे. राजाच्या गळाला लागणारा मासा हा खाऊ घालून वाढवलेला, राखलेल्या पाण्यातला मासा होता. बाराव्या शतकातल्या ग्रंथकाराला हे पुरते कळले होते की मोठा मासा हवा असेल तर आधी पाणी आणि चारा यांची व्यवस्था करावी लागते. गळ शेवटी येतो. याच प्रदेशात राष्ट्रकूट काळात कंधारला जगत्तुंग सागरासारखा तलाव बांधला गेला. दख्खनच्या पठारावर बारमाही पाणी हे निसर्गाने क्वचित दिलेले आणि माणसाने खटपटीने साठवलेले धन आहे. माशाचा आकार त्या धनाच्या मागे मागे जातो.

पुढे मोठा पुरावा मिळतो तो एकोणिसाव्या शतकात. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवालकार पुणे-नगर भागात हिंडत होता. त्याने भीमा, मुळा-मुठा आणि त्यांच्या उपनद्यांतल्या चाळीसहून अधिक माशांचे वर्णन १८३८ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडले. खुद्री, मुसुल्ला, नुक्ता, शिंगटी ही इथली नावे त्याने सरळ शास्त्रीय नावांत घातली आणि त्यांतली बरीच अजून चालू आहेत. साइक्सचे काम सरकारी माणसाचे, म्हणून त्यात लहान-मोठा सगळा मासा आला; बोटाएवढी अलकूटही त्याने सोडली नाही. त्यानंतर आलेले लिखाण मात्र शिकाऱ्यांचे आहे. हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि तेव्हापासून हिंदुस्थानातल्या गळाच्या इतिहासावर महसीर या एकाच माशाची सावली पडली. त्या परंपरेचा कळस म्हणजे कावेरीच्या खोऱ्यात, काबिनी नदीवर, १९४६ च्या मार्च महिन्यात व्हॅन इंगेन याने काढलेला १२० पौंडांचा महसीर. चोपन्न किलोंचा तो मासा खरा होता. पण त्याच नदीवर त्याच वर्षी भोयाच्या टोपलीत काय पडत होते, ते कोणी लिहिले नाही. राजाने लिहवले ते राजाच्या तळ्याचे आणि साहेबाने लिहिले ते साहेबाच्या भाग्याचे.

गोदावरीचा आपला पट्टा निजामाच्या राज्यात होता. तिथे विसाव्या शतकात पाहणीचे काम सुरू झाले. हैदराबाद राज्याच्या मत्स्यपाहणीचा निजामाबाद जिल्ह्याबद्दलचा भाग १९४७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निजामाबाद म्हणजे नांदेडच्या खालच्या अंगाचा शेजारी जिल्हा. कंदकुर्तीला मांजरा जिथे गोदावरीला मिळते, तिथून नदी त्या बाजूला जाते. ही पाहणी झाली तेव्हा मांजरेवर निजामसागर उभा होता, १९३१ चा. पण गोदावरीच्या मुख्य पात्रावर पैठणपासून खालपर्यंत मोठे धरण नव्हते. नदीची चाल त्या वेळी वेगळी होती. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून पाणी, दिवाळीनंतर धार बारीक, आणि उन्हाळ्यात पात्र म्हणजे वाळू आणि कातळ यांच्यामध्ये ओळीने पसरलेले डोह. धार तुटली तरी खोल डोह तुटत नसत. मासा पावसाळ्यात चढणीला लागायचा, काठाच्या उथळ पाण्यात आणि ओढ्यांत अंडी घालायचा, आणि उन्हाळा डोहात काढायचा. वर्षानुवर्षे न आटणाऱ्या डोहात शिवड्यासारखा हिंस्र मासा किंवा मोठा शिंगाडा वयाने वाढू शकत होता. शिवडा मीटरभराच्या पुढे वाढतो हे शास्त्राला ठाऊक आहे. तेवढे वाढायला त्याला जी वर्षे लागतात, ती डोहाने द्यायची.

डोह राखला की मासा केवढा होतो, याचा जिवंत दाखला महाराष्ट्रात आजही आहे. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड आणि वाड्याजवळ वैतरणेवरचे तिळसे, या दोन ठिकाणी देवाच्या नावाने मासा मारत नाहीत. तिथल्या महसीरांचा आकार पाहायला माणसे मुद्दाम जातात. त्या पाण्यातली माशांची जात वेगळी आणि देवाची कृपा वेगळी असे मानण्याचे कारण नाही. बाहेरच्या नदीत ज्या वयाला मासा जाळ्यात जातो, त्या वयानंतरही तिथे त्याला जगू दिले जाते, एवढाच फरक. हे कोंड कोकणातले आणि गोदावरी मराठवाड्यातली, तिथला पाऊस किती आणि इथला किती, असे कोणी म्हणेल. पावसाचा फरक खरा आहे, आणि तोच माझ्या बाजूला येतो : ज्या नदीला पाऊस कमी, तिथे न आटणारा डोह अधिक दुर्मीळ आणि म्हणून अधिक मोलाचा.

मग धरणे आली. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले. नांदेडच्या खाली तेलंगणात पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर. नांदेडच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी, ज्याच्या जलाशयाला शंकरराव चव्हाणांचे नाव आहे. त्यानंतर उच्च पातळी बंधारे : मुदखेड तालुक्यात आमदुरा, त्याखाली बळेगाव, आणि धर्माबादजवळ बाभळी. शेतीला आणि गावांच्या तहानेला या बांधांनी जे दिले, त्याचे मोल मोठेच आहे. माशाच्या बाबतीत मात्र त्यांनी दोन परस्परविरोधी गोष्टी केल्या. पाणी वाढवले आणि नदी तोडली. बांधामागे पाण्याचा पसारा वाढला, पण चढणीची वाट अडली. नदीच्या मुखाजवळ हे फार आधी घडले होते. आर्थर कॉटनने धवळेश्वरमला बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला आणि समुद्रातून गोदावरीत वर येणाऱ्या पाल्यासारख्या माशांना तिथेच थांबावे लागले. वरच्या अंगाला शंभर-सव्वाशे वर्षांनी तोच अडथळा, फक्त एकाच्या जागी अनेक.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते माशाच्या सरासरी वजनावर तिचा परिणाम धरणांइतकाच झाला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांना माशाच्या मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावण्यात यश आले. तोवर कटला-रोहूचे बीज पुराच्या नदीतून गाळून आणावे लागे. बंगालच्या नद्या हा त्याचा मोठा साठा. आता ते हौदात तयार होऊ लागले. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली ही पायरी-पायरीची नावे तलावांच्या ठेकेदारांच्या आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या रोजच्या बोलण्यात आली. परदेशी सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरी मासाही १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून देशात रुळू लागला. चिलापी १९५२ मध्ये आली. इथून पुढे तलावातला मासा नदीने जन्माला घालण्याची गरज उरली नाही. बोटुकली सोडायची, वर्षभराने किलोच्या आसपासचा कटला काढायचा, पुन्हा बोटुकली सोडायची. आज नांदेड-लातूरच्या बाजारात ‘नेहमीचा मासा’ म्हणून जो दिसतो, त्याचे वजन या फेऱ्याने ठरवले आहे. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत जेवढे वाढता येते, तेवढा मासा.

आणि मग आस. फासजाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. बारीक मासा त्याच्या भोकातून निघून जातो, फार मोठ्या माशाचे डोके त्यात शिरत नाही, आणि मधल्या अंगाचा मासा कल्ल्याशी अडकतो. म्हणजे एका आसाचे जाळे एका मापाचाच मासा देते. एखाद्या जलाशयातून वर्षभर आठशे ग्रॅमचाच मासा निघत असेल, तर त्या पाण्यात दुसरा मासा नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही. तिथे कोणत्या आसाचे जाळे वापरतात एवढेच कळते. सुती आणि तागाची जाळी होती तोवर ती वाळवावी लागत, साल उकळून रंगवावी लागत, आणि ती कुजत; त्यामुळे माणूस किती जाळे किती दिवस पाण्यात ठेवू शकेल याला मर्यादा होती. नायलॉन आले आणि ती मर्यादा गेली. ते कुजत नाही, पाण्यात दिसत नाही, स्वस्त पडते. मासा कमी पडू लागला की आस बारीक करायचा, हा त्यानंतरचा सोपा मार्ग. बारीक आसाने पहिल्या वर्षी टोपली भरते. पुढच्या वर्षी तीच टोपली भरायला अधिक डोकी लागतात, कारण ज्यांनी वाढायचे होते ते आधीच बाजारात गेलेले असतात. कटला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंडी घालण्याजोगा होतो, आणि मोठ्या मादीच्या पोटात किलोमागे लाखाच्या घरात अंडी असतात. ती वेळ येण्याआधीच मासा काढला तर त्या पाण्याला दरवर्षी बोटुकलीची भीक मागावी लागते.

गळवाला इथे वेगळा, असे म्हणता येईल. गळ माशाचा घेर पाहत नाही. त्याची भूक आणि तोंड पाहतो. म्हणून गळाला लागलेला मासा हा जाळ्यातल्या माशापेक्षा पाण्याचा खरा नमुना मानावा, असा एक युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. पण गळ टाकणारा जाळ्याच्या आधी येत नाही. जाळ्याने चाळून ठेवलेल्या पाण्यातच तो बसतो.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा दुष्काळाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. तलाव पूर्ण आटला की त्यातल्या प्रत्येक माशाचे वय शून्यावर येते, कारण पुढच्या पावसानंतर तिथे जे काही पोहेल ते नव्याने आलेले किंवा नव्याने सोडलेले असेल. म्हणून मराठवाड्यातल्या कोणत्याही तलावातला सर्वांत म्हातारा मासा शेवटच्या आटण्यापेक्षा म्हातारा असू शकत नाही. १९७२, २०१२, २०१५-१६ : ही साले शेतकऱ्याला कर्जाच्या नोंदींतून आठवतात, माशाच्या अंगावर ती वजनाच्या मर्यादेतून उमटतात. तीन-चार वर्षांनी आटणाऱ्या तलावात तीन-चार वर्षांचाच मासा. दरवर्षी आटणाऱ्या पाझर तलावात वर्षाचाच. ज्या डोहाने १९७२ चा उन्हाळा काढला असेल, त्यात त्यानंतर दहा-पंधरा वर्षे वाढलेला शिवडा असणे अगदी शक्य होते. वाळूचा बेसुमार उपसा झाला, नदीला लागून विहिरी आणि कूपनलिका खोल गेल्या, आणि असे डोहच उथळ झाले. धरणातले पाणी आकड्यात वाढले आणि वर्षानुवर्षे न तुटणारे पाणी कमी झाले. या विसंगतीत मोठ्या माशाच्या नाहीसे होण्याचे कारण आहे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की मोठ्या माशाच्या गोष्टी सगळ्या रंगवलेल्या. म्हातारी माणसे मागचे पाणी नेहमी खोलच सांगतात. गोष्टी रंगतात हे खरे. म्हणूनच वर मी कोणाच्या आठवणीतल्या वजनावर काही बांधले नाही. डोहांची नदी, कुजणारी जाळी आणि अडवणुकीशिवायची चढण या तीन गोष्टी आठवणीवर अवलंबून नाहीत, आणि त्या तिन्ही जिथे असतील तिथे मासा अधिक वर्षे जगतो, हे जीवशास्त्राचे साधे गणित आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : एकूण मासा वाढला, गरिबाच्या ताटात तो पोचला, मग एकेक मासा लहान झाला तर बिघडले काय? बीज सोडून काढलेल्या किलोभर कटल्याने हजारो भोई-कहार कुटुंबांना रोजगार दिला, आणि ज्या घरांत मासा सणासुदीला यायचा तिथे तो आठवड्याला येऊ लागला. हे मी मनापासून मान्य करतो. पण हे उत्पादन शेतीसारखे आहे. बीज सरकारने किंवा ठेकेदाराने दिले नाही, किंवा पाऊस उशिरा आला, की ते थांबते. नदीचा मासा स्वतःचे बीज स्वतः देत होता, आणि ते देणारे मासे मोठे होते. मोठा मासा गेला म्हणजे छंदी माणसाची मौज गेली एवढ्यावर भागत नाही. मच्छीमाराचे फुकटचे भांडवल गेले.

तिसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि त्याचे उत्तर कावेरीने दिले आहे. सरासरी वजन घटणे ही चांगली बातमीही असू शकते, कारण पिले भरपूर जगू लागली की सरासरी आपोआप खाली येते. कर्नाटकात कावेरीवरच्या गळाच्या छावण्यांनी १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या सहा हजारांहून अधिक महसीरांच्या नोंदी ठेवल्या होत्या. संशोधकांनी त्या तपासल्या तेव्हा मासे मिळण्याचे प्रमाण वाढलेले आणि सरासरी आकार घटलेला दिसला. वरवर पाहता नदी भरभराटीला आलेली. पण जाती वेगळ्या करून पाहिल्या तेव्हा कळले की वाढलेला मासा बाहेरून सोडलेला निळ्या परांचा महसीर आहे. आणि व्हॅन इंगेनच्या १२० पौंडी माशाची जात, कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर, हिची पिले जवळपास येईनाशी झाली आहेत. ती जात आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. बाहेरून सोडलेला महसीर कुठून आला होता? लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून याच, म्हणजे दख्खनी, महसीराची पैदास होते. तिथली बोटुकली देशभर गेली आणि कावेरीतही पोचली. चांगल्या हेतूने केलेले काम, आणि आपल्या नद्यांत त्या माशाला त्याने जीवदानही दिले. पण एका नदीचे बीज दुसऱ्या नदीत सोडल्याने काय होते, हे कावेरीने दाखवले. त्यामुळे या आक्षेपाला माझे उत्तर असे : नुसते सरासरी वजन पुरेसे नाही, ते जातवार हवे. गोदावरीत कटल्याचे वजन वेगळे लिहावे, शिवड्याचे वेगळे, शिंगाड्याचे वेगळे. जातवार आकडा खोटे बोलत नाही.

बासच्या देशांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ठरावीक लांबीखालचा बास ठेवता येत नाही. काही तळ्यांवर मधल्या मापाचा मासा सोडून द्यावा लागतो, म्हणजे तो मोठा होतो. पण हा नियम इथे उचलून लावता येणार नाही. तिथे बास मुख्यतः खेळासाठी धरतात, इथे मासा चुलीसाठी. शिवाय जपानमध्ये बास हा उपरा मासा आहे. बिवा सरोवराच्या शिगा प्रांतात पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच बंदी आहे. एका पाण्याचे शहाणपण दुसऱ्या पाण्यात चालत नाही. आपल्याला आपल्या नदीची चाल पाहून नियम करावा लागेल, आणि त्याची सुरुवात एका न्यायालयीन निकालात, मासा मनात नसताना, होऊन बसली आहे. बाभळी बंधाऱ्याच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात जो वाद झाला, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिला. त्यानुसार दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर बाभळीचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. हा नेमका चढणीचा काळ. बाभळीपुरती गोदावरी त्या चार महिन्यांत कायद्यानेच मोकळी असते.

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाला, पाटबंधारे खात्याला आणि नांदेड जिल्ह्यातल्या मच्छीमार संस्थांना माझी विनंती तीन गोष्टींची आहे. जुलै-ऑगस्टात आमदुरा ते बाभळी या पट्ट्यात बंधाऱ्यांच्या तोंडाशी जाळे लावू नये, आणि त्या दोन महिन्यांची मजुरी मच्छीमारांना सरकारने द्यावी, कारण नदी राखण्याचे काम त्यांनी उपाशीपोटी करावे अशी अपेक्षा अन्यायाची आहे. मुदखेड तालुक्याच्या हद्दीत गोदावरीचा एक खोल डोह निवडून तिथला वाळूचा उपसा आणि मासेमारी दहा वर्षे पूर्ण थांबवावी. आणि माशाच्या बाजारात काट्याशेजारी एक फूटपट्टी ठेवून, जातवार लांबी आणि वजन यांची वही याच पावसाळ्यापासून सुरू करावी.